नारायण विनायक जगताप कोण?

१९७४ साली मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेकडे विज्ञानकथा स्पर्धेसाठी एक कथा आली. कथेचे नाव ‘कृष्णविवर’ आणि लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण, हे परीक्षकांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. विज्ञानावर मराठीत लिहिणारी माणसे त्या काळी मोजकीच होती आणि बहुतेक एकमेकांच्या ओळखीची. त्यांत जगताप नावाचे कोणी नव्हते. परीक्षकांनी कथा वाचली, ती त्यांना आवडली आणि तिला पहिला क्रमांक मिळाला.

आता या नावाची आद्याक्षरे घ्या: ना. वि. ज. ती उलट वाचा: ज. वि. ना. म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणावर संशोधन करून जगभर नाव मिळवलेले आणि १९७२ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे शास्त्रज्ञ. अहमदाबादला एका परिषदेत व्याख्यान रटाळ चालले असताना त्यांनी ही कथा लिहायला घेतली होती. (वर्गात मागच्या बाकावर तुम्ही जे करता, त्याला इतका थोर आधार आहे, हे मी सांगायला नको होते.) परिषदेच्या लोकांना त्यांचे अक्षर माहीत होते, म्हणून त्यांच्या पत्नी, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी सगळी कथा आपल्या अक्षरात उतरवून काढली.

एवढा खटाटोप कशासाठी? कथेचा निकाल कथेवरच लागावा, लेखकाच्या कीर्तीवर लागू नये, म्हणून. नारळीकरांच्या या हुशारीचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. माझे लक्ष मात्र टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या माणसांकडे जाते. अनोळखी माणसाची हस्तलिखित कथा शेवटपर्यंत वाचणारी आणि तिच्यातले विज्ञान तपासून ‘ही सर्वांत चांगली’ असे म्हणणारी ती माणसे कोण होती? त्यांना हे काम करायला कोणी सांगितले होते, आणि त्याचे त्यांना काय मिळत होते?

मराठी विज्ञान परिषद २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत स्थापन झाली. तिच्यामागे मुख्य धडपड होती मधुकर ना. गोगटे या अभियंत्याची. विज्ञान मराठीत आले पाहिजे, आणि तेही शाळेच्या पुस्तकापुरते न राहता घरोघरी वाचले गेले पाहिजे, ही त्यांची तळमळ. गोगटे हे पुढचे पाहणारे आणि थोडे हट्टी गृहस्थ. पुढे त्यांनी मराठी रोमन लिपीत लिहावी असाही आग्रह धरला. तो मला मुळीच पटलेला नाही, पण पन्नास वर्षांनंतर काय होईल याचा विचार करणारा माणूस असाच चारचौघांना चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टी बोलतो. परिषदेचे कार्यवाह म्हणून अनेक दशके काम पाहणारे अ. पां. देशपांडे, आणि बाळ फोंडके यांच्यासारखे लिहिते शास्त्रज्ञ, अशी माणसे या कामात येत गेली. कोणी अभियंता, कोणी डॉक्टर, कोणी प्राध्यापक. पोटापाण्याचे काम वेगळे आणि परिषदेचे काम संध्याकाळी किंवा रविवारी. परिषदेने स्वतःची पत्रिका काढली, दरवर्षी अधिवेशन भरवायला सुरुवात केली आणि १९७० च्या सुमारास विज्ञानकथांची स्पर्धाही सुरू केली.

मराठीत उद्याच्या जगाच्या गोष्टी त्याआधी नव्हत्या असे नाही. ‘केरळकोकिळ’ हे मराठी मासिक दूर केरळातल्या कोचीनहून निघत असे, आणि त्यात १९०० साली ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा मराठीत आली. कवी श्री. बा. रानडे यांनी १९१५ च्या सुमारास ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र विज्ञानकथा लिहिली. पुण्याला १९२८ साली ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले. त्यामागे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक गो. रा. परांजपे यांच्यासारखी माणसे होती. भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला आणि ‘बालमित्र’ मासिक पदरमोड करून काही वर्षे चालवले. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’मध्ये अद्भुतकथा येत. यांतली कित्येक मासिके बंद पडली.

ती बंद का पडतात आणि काही का टिकतात, हे समजायला मासिक तयार कसे होई ते पाहू या. तुमच्या हातात छापील अंक येतो तेव्हा त्यामागचे काम दिसत नाही. ऑफसेट आणि संगणक येण्यापूर्वी छपाई शिशाच्या खिळ्यांनी होत असे. जुळारी एकेक अक्षर उलटे जुळवून ओळ करी. साधी गोष्ट असेल तर ते काम सरळ होते. पण विज्ञानाच्या मजकुरात वर्गमूळ आले, घातांक आला, ग्रीक अक्षर आले की जुळारी हात टेकी. बहुतेक छापखान्यांत तो खिळाच नसे. मग लेखकाला विचारून वाक्य बदलायचे किंवा सूत्राचा ठसा वेगळा करून घ्यायचा. त्यानंतर मुद्रिते तपासायची. विज्ञानाच्या मासिकात ही तपासणी फार जोखमीची, कारण ‘१० चा घात ८’ याचे ‘१०८’ झाले तर वाक्य व्याकरणाला धरून शुद्धच राहते आणि प्रकाशाचा वेग मात्र पार कोसळतो! व्याकरण जाणणारा मुद्रितशोधक ही चूक पकडू शकत नाही. त्यासाठी विज्ञान जाणणारा माणूस रात्री दिव्याखाली बसावा लागतो.

त्याहून अवघड काम शब्दांचे. इंग्रजीत ‘ब्लॅक होल’ हा शब्द जॉन व्हीलर यांच्यामुळे रूढ झाला तो १९६७ नंतर. मराठी कथेचे शीर्षक ‘कृष्णविवर’ आहे १९७४ चे, म्हणजे मध्ये फक्त सात वर्षे. त्या सात वर्षांत कोणीतरी ‘काळे भोक’, ‘काळे छिद्र’ असले शब्द बाजूला ठेवून ‘कृष्ण’ आणि ‘विवर’ यांची जोडी स्वीकारली. शब्द स्वीकारण्याचे काम सरकारी समित्याही करतात, पण समितीचा शब्द पुष्कळदा कोशातच राहतो. गोष्टीत आलेला शब्द मुलांच्या तोंडी बसतो. १० एप्रिल २०१९ रोजी एम-८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचे छायाचित्र जगापुढे आले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांना मथळ्यासाठी नवा शब्द शोधावा लागला नाही.

अंक छापून झाला की तो पाठवायचा. वेष्टने चिकटवायची, पत्ते लिहायचे, गावांप्रमाणे गठ्ठे करायचे आणि टपालात टाकायचे. वर्गणी संपलेल्यांना आठवणीची कार्डे पाठवायची. हे सगळे विनावेतन झाले तरी कागद, शाई आणि टपाल यांचे पैसे लागतातच. ज्ञानाच्या कामाला शेवटी कोणीतरी पदरचे देतो, तेव्हाच ते चालते.

याचा फार जुना दाखला आपल्या खानदेशातच आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला तुमच्यापैकी पुष्कळजण सहलीला गेले असतील. तेथे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात एक शिलालेख उजेडात आणला. तो तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातल्या अधिपतीने त्याला दान दिले, असे त्यात कोरले आहे. संस्कृत श्लोकांनंतरचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. बाजारातल्या मालातून मठाला काय द्यावे, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल कसे द्यावे, असला हिशेब त्यात आहे. ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकवणाऱ्या मठातला दिवा पाटणच्या तेल्याच्या पळीवर जळत होता. आजच्या भाषेत सांगायचे तर ती त्याची वर्गणी!

उद्याचा विचार करणाऱ्या छोट्या मासिकांभोवती अशी मंडळी इतर देशांतही जमली. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक याने एप्रिल १९२६ मध्ये केवळ विज्ञानकथांचे ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यासह छापली जात. मग वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रे लिहू लागले, त्यांची मंडळे झाली आणि ही मंडळे स्वतःची हातचक्रीवर छापलेली पत्रके काढू लागली. इंग्लंडात १९३३ साली लिव्हरपूलला ब्रिटिश आंतरग्रहीय संस्था निघाली. तिच्या सभासदांना अग्निबाण बनवायचे होते, पण स्फोटकांच्या जुन्या कायद्यामुळे ते करता येईना. तेव्हा त्यांनी कागद-पेन्सिल घेतली आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस चंद्रावर जाणाऱ्या यानाचा आराखडा तयार केला. लोक हसले. याच संस्थेतला आर्थर क्लार्क नावाचा तरुण १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या तांत्रिक मासिकात लिहिता झाला, की विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबर फिरेल, म्हणजे आपल्याला तो एका जागी स्थिर दिसेल आणि त्यावरून संदेश पाठवता येतील. तीस वर्षांनी, १९७५-७६ मध्ये, अशाच एका उपग्रहावरून भारतातल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दिसले.

पण सगळीकडे गोष्ट अशी गोड झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. जर्मनीत १९२७ साली अवकाशप्रवासाच्या वेड्यांनी ब्रेस्लाऊ शहरात एक मंडळ काढले आणि ‘दी राकेटे’ म्हणजे ‘अग्निबाण’ या नावाचे मासिक चालवले. पैशाची कायम ओढ. थोड्याच वर्षांत लष्कराने त्यांतल्या काहींना हाताशी धरले. वेर्नहर फॉन ब्राऊन हा त्यांतलाच एक. १९४४ मध्ये लंडनवर पडलेले व्ही-२ अग्निबाण त्या स्वप्नातून निघाले आणि ते बांधताना वेठीला धरलेले हजारो कैदी मेले. वर्गणीदार देतो त्या पैशाला अटी नसतात, लष्कराने दिलेल्या पैशाला असतात.

असो. आता परीक्षकांच्या खुर्चीत तुम्हीच बसा. कृष्णविवरावरची कथा तुमच्यापुढे आली आहे. ती बरोबर आहे की नाही, हे कसे तपासाल?

आपल्याकडच्या खोल विहिरी आठवा. तळातून वर फेकलेला दगड काठाबाहेर यायचा तर तो पुरेशा वेगाने फेकावा लागतो. पृथ्वी ही अशीच एक विहीर. तिच्यातून कायमचे बाहेर पडायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. त्याला मुक्तिवेग म्हणतात. वस्तुमान तेवढेच ठेवून पृथ्वी दाबत गेलो तर विहीर खोल होत जाईल आणि मुक्तिवेग वाढत जाईल. पृथ्वीची त्रिज्या ९ मिलिमीटर झाली, म्हणजे ती मोठ्या बोराएवढी झाली, की प्रकाशसुद्धा बाहेर पडू शकणार नाही. सूर्यासाठी ही त्रिज्या ३ किलोमीटर येते. दहा सूर्यांच्या वस्तुमानासाठी ३० किलोमीटर.

हे ३० किलोमीटर आपल्याच नकाशावर मांडू. पारोळ्याला केंद्र धरून तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा. अमळनेर आणि एरंडोल आत गेले, तेथून काहीच बाहेर येणार नाही. धुळे पारोळ्यापासून सरळ रेषेत सुमारे ३६ किलोमीटर आणि जळगाव सुमारे ४६ किलोमीटर. दोन्ही शहरे थोडक्यात वाचली! आता आइन्स्टाइनचा नियम सांगतो की विहिरीत जितके खोल जाल तितके घड्याळ हळू चालते. किती हळू, ते काढायची रीत अशी: कृष्णविवराच्या त्रिज्येला आपल्या अंतराने भागा, तो भागाकार १ मधून वजा करा आणि वर्गमूळ घ्या. धुळ्यासाठी ३० भागिले ३६, वजाबाकी एक-षष्ठांश, वर्गमूळ ०.४१. जळगावसाठी हेच गणित केले तर ०.५९ येते. म्हणजे फार दूर असलेल्या निरीक्षकाचा एक तास होतो तेव्हा धुळ्याच्या घड्याळात जेमतेम २५ मिनिटे झालेली असतात आणि जळगावच्या घड्याळात ३५. धुळ्याच्या शाळेत एक तास झाला, की जळगावच्या शाळेत सुमारे १ तास २७ मिनिटे होऊन गेली! (काटेकोर बोलायचे तर कृष्णविवराजवळचे ‘अंतर’ पट्टीने मोजतो तसे नसते, पण आपल्या कामाला हे चालेल.)

कथालेखकाला हे वाचून आनंद होईल. तो नायकाला यानात बसवून कृष्णविवराजवळ पाठवील, तिथे नायकाचे एक वर्ष जाईल आणि परत येतो तो मित्र म्हातारे झालेले. परीक्षकाने येथे पेन्सिल उचलली पाहिजे. धुळ्याच्या जागी यान स्थिर उभे ठेवायचे, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याचे इंजिन सतत आणि अफाट जोराने चालले पाहिजे. इंधन कुठून आणले? इंजिन बंद ठेवून नुसते फेऱ्या घालायच्या, तर कृष्णविवराच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतराच्या आत स्थिर कक्षाच नसते. आपल्या नकाशावर ते अंतर ९० किलोमीटर, म्हणजे पारोळ्यापासून थेट बोदवडच्या आसपास. त्या कक्षेत घड्याळ ०.७१ पट चालते. नायकाचे एक वर्ष म्हणजे बाहेरची १ वर्ष ५ महिने. मित्र फार तर एका इयत्तेने पुढे गेलेले असतील.

शिवाय दुसरी अडचण. पायांना असलेली ओढ डोक्याला असलेल्या ओढीपेक्षा जास्त. पृथ्वीवर हा फरक जाणवत नाही. दहा सूर्यांच्या कृष्णविवराभोवती त्या ९० किलोमीटरवर दोन मीटर उंचीच्या माणसाच्या डोक्या-पायांतला हा फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे सात लाख पट होतो. नायकाची शेवई होईल आणि कथा तिथेच संपेल. यातून वाट आहे, आणि ती मोठी गमतीची आहे: कृष्णविवर मोठे घ्या. वस्तुमान दहापट केले की त्याच प्रमाणातल्या कक्षेत ही ओढाताण शंभरपटीने कमी होते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राशी सुमारे ४० लाख सूर्यांइतके जड कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती तसाच फिरणाऱ्या माणसाला ही ओढ कळणारसुद्धा नाही.

पत्रिकेसाठी, स्पर्धेसाठी, पोस्टाने आलेल्या प्रत्येक हस्तलिखितावर कोणीतरी असे बसावे लागते. कथा नाकारली तरी समासात ‘कृष्णविवर मोठे घ्या’ एवढे लिहून परत पाठवले, तर पुढच्या वर्षी तो लेखक अधिक चांगली कथा पाठवतो. परिषदेच्या स्पर्धांना धरून आणि तिच्या आसपास लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, अरुण मांडे असे लिहिणारे मराठीत आले. १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी विज्ञानकथेची आणि नारळीकरांची दखल घेतली. ‘किर्लोस्कर’च्या मुकुंदराव किर्लोस्करांनी त्यांच्याकडून पुढच्या कथा मागवल्या. ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा कथासंग्रह १९७९ चा. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

नारळीकरांकडे स्वाक्षरी मागायला मुले येत. ते म्हणत, वहीत स्वाक्षरी देणार नाही, पोस्टकार्डावर मला विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. अशी कार्डे येत राहिली आणि ते उत्तरे लिहीत राहिले.

तुमच्या वर्गातल्या कोणी कथा लिहिली असेल तर ती मासिकाकडे पाठवण्याआधी एक करा. ती दुसऱ्याकडून त्याच्या अक्षरात उतरवून घ्या, नाव काढून टाका आणि विज्ञान शिकवणाऱ्या सरांना किंवा बाईंना वाचायला द्या. शिक्षकांनाही माझी विनंती आहे की कथा कोणाची हे विचारू नका. यान कुठे उभे आहे, इंजिन चालू आहे की बंद आणि कृष्णविवर किती सूर्यांचे, एवढे पाहा आणि समासात पेन्सिलीने आकडा लिहा.